विहीर बंद ठेवण्याची हिंमत

(नवी दिल्ली येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



राजधानीच्या या सगळ्या पसाऱ्यात तेलाची एकही विहीर नाही. तरी देशातल्या कुठल्या विहिरीवर किती पैसा घालायचा, कुठली सोडून द्यायची आणि यंदा कुणी किती तेल काढायचं, हे ठरतं ते इथंच. पेट्रोलियम मंत्रालय कर्तव्यपथाच्या आसपास, ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीचं मुख्यालय वसंत कुंजच्या दीनदयाळ ऊर्जा भवनात, हायड्रोकार्बन महासंचालनालय नोएडाच्या सेक्टर ७३ मध्ये, ऑइल इंडियाचं कॉर्पोरेट कार्यालयही नोएडात आणि राजस्थानातलं मंगला क्षेत्र चालवणारी कंपनी गुरुग्रामला. विहीर हजार-बाराशे किलोमीटर दूर अरबी समुद्रात आणि तिची फाईल इथं. या अंतराबद्दलच मला आज बोलायचं आहे.

विषय रूक्ष वाटेल, म्हणून तुमच्या स्वयंपाकघरातून आणि रिक्षातून सुरुवात करतो. १६ ऑक्टोबर २०२४ पासून शहरांत वायू पुरवणाऱ्या कंपन्यांना सरकारी दराने मिळणारा देशी वायू कमी करण्यात आला. दिल्लीच्या इंद्रप्रस्थ गॅसच्या वाट्याला सुमारे २१ टक्के कपात आली. महिन्याभराने आणखी जवळजवळ २० टक्के गेली. कंपनीचा शेअर कोसळला, सीएनजी किती महागणार याचे अंदाज वर्तमानपत्रांत सुरू झाले. मूळ कारण मात्र शेअर बाजारात नव्हतं. जुन्या क्षेत्रांतून निघणारा वायू वर्षागणिक घटत होता आणि गाड्या वाढत होत्या.

ती जुनी क्षेत्रं कुठली? त्यांतलं एक मोठं क्षेत्र आपल्या वसईच्या नावानं ओळखलं जातं. वसईच्या पश्चिमेला समुद्रात १९७६ साली हा वायू सापडला. तो समुद्रतळावरच्या नळातून हजिऱ्याला जातो आणि तिथून हजिरा-विजयपूर-जगदीशपूर या वाहिनीनं उत्तरेकडे येतो. ही वाहिनी बांधण्यासाठीच १९८४ साली गेल ही कंपनी काढली गेली. सर्वोच्च न्यायालयानं २८ जुलै १९९८ रोजी दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर नेण्याचा आदेश दिला आणि २००२ संपता संपता शहरातल्या डिझेल बस हटल्या, तेव्हा आधार होता तो या वाहिनीचा. आज त्या वायूत आयात केलेला वायूही मिसळलेला असतो. पण दिल्लीच्या हवेतला थोडासा धूर कमी केला तो कोकणपट्टीसमोरच्या समुद्रानं, एवढं इथल्या मराठी माणसानं अभिमानानं म्हणायला हरकत नाही.

वसईपेक्षा मोठं नाव मुंबई हायचं. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जपानमध्ये बांधलेल्या जहाजानं मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, पाऊणशे मीटर खोल पाण्याखाली तेल शोधलं. २१ मे १९७६ ला उत्पादन सुरू झालं. १९८५ च्या सुमारास हे एकटं क्षेत्र दिवसाला ४ लाख ७० हजार बॅरलच्या आसपास तेल देत होतं. एप्रिल २०२४ मध्ये तो आकडा १ लाख ३४ हजारांच्या घरात होता. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर, हिशेब तुम्हीच करा. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त आपण बाहेरून आणतो, म्हणून हा उतार साऱ्या देशाला महागात पडतो.

आता एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. उत्पादन घटलं म्हणजे विहीर बिघडली असं नव्हे. प्रत्येक विहीर घटतेच. खडकातला दाब उतरतो, तसा प्रवाह मंदावतो. जगभराची सरासरी पाहिली तर जमिनीतल्या तेलाचा साधारण तिसरा हिस्साच वर येतो, बाकीचं खडकाच्या छिद्रांत चिकटून राहतं. ज्या विहिरीला आमच्या धंद्यात 'सिक वेल' म्हणतात ती वेगळी. तिच्याभोवतीच्या खडकात तेल आहे, दाब आहे, शेजारची विहीर नीट चालते आहे, आणि तरी ही अपेक्षेपेक्षा कमी देते. अशा विहिरी ओळखणं हेच पहिलं काम. ते दिसतं त्याहून पुष्कळ अवघड आहे, कारण बहुतेक ठिकाणी एकेका विहिरीचं रोजचं उत्पादन कुणी मोजतच नाही.

ऐकून नवल वाटेल. समुद्रातल्या एका प्लॅटफॉर्मवर अनेक विहिरींचं तेल, वायू आणि पाणी एकाच नळात एकत्र होतं आणि मोजलं जातं ते एकत्रच. एकेक विहीर पाळीपाळीनं काही तासांसाठी 'टेस्ट सेपरेटर' नावाच्या टाकीकडे वळवतात. तिथं वायू वर, तेल मध्ये आणि पाणी खाली वेगळं होतं, तिघांची मापं घेतात आणि विहीर पुन्हा सामायिक नळाला जोडतात. पुढची पाळी येईपर्यंत त्या विहिरीच्या नावापुढे जो रोजचा आकडा लिहिला जातो, तो या जुन्या मापाच्या प्रमाणात वाटून दिलेला असतो. दरम्यान विहिरीत पाणी शिरलं किंवा ट्यूबिंगमध्ये, म्हणजे तेल वर आणणाऱ्या आतल्या नळीत, मेण साचलं तरी तक्त्यात ती ठणठणीत दिसते. दिल्लीला पोचतो तो हा तक्ता.

म्हणून पहिली चाचणी अगदी साधी: टेस्ट सेपरेटरची पाळी चुकवायची नाही. विहिरीच्या तोंडाशी झडपांचं जे जुडगं असतं, ज्याला ख्रिसमस ट्री म्हणतात, त्यात बारीक भोक असलेला एक तुकडा बसवतात. आमचे लोक त्याला 'बीन' म्हणतात. बीनचं भोक लहान-मोठं करून प्रवाह आवरता येतो. तीन-चार वेगवेगळ्या बीनवर विहीर चालवून पाहिली, प्रत्येक वेळी तळाचा दाब आणि वरचा प्रवाह टिपला, की विहिरीची कुवत कळू लागते. तेलाबरोबर पाणी किती येतं, म्हणजे 'वॉटर कट', आणि वायू किती, म्हणजे 'जीओआर', हे दोन आकडे बीनबरोबर कसे बदलतात तेही दिसतं. बीन वाढवल्यावर तेल जराच वाढलं आणि वायू भरमसाट वाढला, तर विहिरीला जास्त ओढणं हाच तिच्यावरचा अन्याय आहे, हे समजायला पदवी लागत नाही.

खरी परीक्षा यापुढची, 'बिल्डअप' चाचणी. तळाशी दाबमापक सोडायचा आणि विहीर बंद करायची. काही तास, काही दिवस, घट्ट खडक असेल तर त्याहूनही जास्त. विहीर बंद होताच तळाचा दाब चढू लागतो, आधी झपाट्यानं आणि मग हळूहळू. हा चढ कालाच्या एका विशिष्ट गुणोत्तराच्या लॉगरिदमसमोर कागदावर मांडला की त्यात एक सरळ रेषा सापडते. हॉर्नर नावाच्या अभियंत्यानं १९५१ साली ही मांडणी दाखवली आणि आजही तिचं नाव हॉर्नर आलेख. त्या रेषेच्या उतारावरून खडकातून द्रव किती सहज वाहतो ते कळतं. रेषा पुढे वाढवली की दूरच्या खडकातला मूळ दाब मिळतो. आणि तिच्यावरून आणखी एक आकडा निघतो, ज्याला 'स्किन' म्हणतात. माझ्या मते सगळ्या आकड्यांत हा सर्वांत उपयोगी.

स्किन काय सांगतो? विहिरीच्या अगदी लगतचा खडक खराब झाला आहे की नाही. लगतच्याच खडकाला इतकं महत्त्व का, यामागे एक साधं गणित आहे. तेल चारी बाजूंनी एका बारीक भोकाकडे येतं, म्हणून जितकं जवळ तितकी वाट अरुंद होत जाते. विहिरीची त्रिज्या दहा सेंटिमीटर आणि ती तीनशे मीटरवरून तेल ओढते असं धरलं, तर एकूण दाबाच्या जवळपास निम्मा भाग शेवटच्या पाच मीटरांत खर्च होतो. ड्रिलिंग करताना चिखलपाण्याचा गाळ याच पट्ट्यात शिरतो. क्षार आणि मेणही इथंच साचतात. म्हणजे तीनशे मीटर खडक निरोगी असूनही शेवटचे दोन-चार मीटर विहिरीचा गळा दाबू शकतात. स्किनचा आकडा मोठा निघाला, तर विहीर सुधारता येईल. तो शून्याच्या आसपास असून दाबच खाली गेला असेल, तर त्या विहिरीवर महागडे उपचार करणं म्हणजे पैसा समुद्रात ओतणं.

हा निवाडा विहीर बंद ठेवल्याशिवाय होत नाही. आणि इथेच दिल्ली आडवी येते.

दर वर्षी मंत्रालय आणि सार्वजनिक कंपन्या यांच्यात सामंजस्य करार होतो. त्यात उत्पादनाचं लक्ष्य असतं. लक्ष्याचे मग महिने होतात, महिन्यांचे दिवस होतात आणि ते उतरत उतरत प्लॅटफॉर्मवर चौदा दिवसांच्या पाळीवर गेलेल्या अभियंत्यापर्यंत पोचतं. त्याला चांगलं ठाऊक असतं की अमुक विहीर तीन दिवस बंद ठेवून तपासायला हवी. त्याला हेही ठाऊक असतं की ती बंद केली तर आजच्या तक्त्यात घट दिसेल आणि उद्या सकाळी जुहूहून येणाऱ्या हेलिकॉप्टरच्या आधी फोन येईल. वास्तविक ते तेल कुठं जात नाही, जमिनीतच राहतं आणि पुढे निघतं. पण तक्त्याला 'पुढे' कळत नाही. माझ्या नोकरीत अशा कितीतरी चाचण्या मार्चनंतर करू म्हणून ढकलल्या गेलेल्या मी पाहिल्या. मार्चनंतर पावसाळा येई आणि पावसाळ्यानंतर नवं लक्ष्य.

मुंबई हायची एक जुनी कहाणी इथे सांगायलाच हवी. या क्षेत्रातला मुख्य साठा मायोसीन काळातल्या चुनखडकात आहे आणि त्या तेलात वायू विरघळलेला आहे. सोडावॉटरची बाटली एकदम उघडली तर वायू फसफसून निघून जातो आणि मागे मिळमिळीत पाणी उरतं. खडकातला दाब झपाट्यानं उतरला तर तेलाचं तेच होतं: वायू आधी पळतो आणि तेलाला वर ढकलणारं बळ घेऊन जातो. त्यावर उपाय म्हणजे समुद्राचं पाणी गाळून, त्यातला प्राणवायू काढून ते खडकात दाबायचं आणि दाब टिकवायचा. ही कामं व्हायला १९८० चं दशक बरंच पुढं सरकलं. दरम्यान उत्पादनाची घाई चालूच होती. तेलाबरोबर वर येणाऱ्या वायूचा मोठा भाग तर तेव्हा समुद्रावरच जाळून टाकला जाई. तो जाळणं कमी करण्यासाठी पुढे १९९१ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जानं प्रकल्प घ्यावा लागला. क्षेत्र कुवतीबाहेर ओढलं गेलं, ही टीका तेव्हापासून होत आली आहे आणि मला ती रास्त वाटते.

परिणाम काय झाला तो आकड्यांत पाहा. १९८९-९० मध्ये देशात सुमारे ३४ दशलक्ष टन कच्चं तेल निघालं. १९९२-९३ मध्ये ते २७ दशलक्ष टनांवर आलं. तीन वर्षांत पाचवा हिस्सा गेला. याला कारणं एकाहून जास्त होती, पण जास्त वायू ओकणाऱ्या मुंबई हायच्या विहिरी बंद कराव्या लागणं हे त्यांतलं ठळक. आणि वेळ कोणती? ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेतमध्ये सैन्य घुसवलं, तेलाचे भाव भडकले आणि १९९१ च्या उन्हाळ्यात आपल्याला सोनं गहाण टाकावं लागलं. त्या संकटाचा इतिहास अर्थतज्ज्ञ राजकोषीय तुटीपासून सांगतात. तो बरोबरच आहे. पण त्यात चुनखडकातल्या दाबाचाही एक परिच्छेद असायला हवा, असं मला नेहमी वाटतं.

त्यानंतर २००० पासून टप्प्याटप्प्यानं मुंबई हायचा पुनर्विकास झाला. दोन विहिरींच्या मध्ये नव्या विहिरी घेतल्या, जुन्या विहिरींच्या पोटातून वाकडी वाट काढून, म्हणजे 'साइडट्रॅक' करून, न गाठलेल्या थरांत शिरकाव केला. घसरण पुरती थांबली नाही, मंदावली. सत्तरच्या दशकातल्या क्षेत्रासाठी हे यश कमी नाही.

आता उपचारांकडे येतो. त्यांची यादी मोठी आहे, मी मला आवडणारे दोन-तीनच सांगतो.

चुनखडकाच्या विहिरीला सगळ्यात जुना उपचार आम्लाचा. हर्मन फ्राश यांनी १८९६ साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं. साधारण १५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल दाबानं खडकात सोडायचं. आम्ल चुनखडक विरघळवत जातं आणि त्यात बारीक बोगदे तयार होतात. गाळानं बुजलेला पट्टा ओलांडून तेलाला नवी वाट मिळते. आम्लात गंजरोधक घालावा लागतो, नाही तर ते खडकाच्या आधी ट्यूबिंगच खाईल. पण आम्लाची एक खोड आहे. ते जिथं वाट सोपी तिथंच जातं, आणि सोपी वाट बऱ्याचदा पाण्याच्या थराकडे असते. न तपासता आम्ल दिलेल्या विहिरीतून दुसऱ्या दिवशी प्रवाह दुप्पट होतो, सगळे टाळ्या वाजवतात आणि आठवड्यानं कळतं की वाढलं ते पाणी. असे उपचार, पंप, वायूचा जोर देऊन तेल उचलण्याच्या रीती यांवर ओएनजीसीची जी संस्था काम करते, ती आपल्या पनवेलला आहे. मुंबई-पुणे रस्त्यानं जाणाऱ्या किती जणांना तिचं नाव माहीत असेल कोण जाणे!

दुसरा प्रकार तेल उचलण्याचा. दाब पुरेनासा झाला की मुंबई हायमध्ये विहिरीच्या बाहेरच्या वलयातून दाबाखालचा वायू सोडतात. तो ट्यूबिंगमधल्या तेलात मिसळून त्याला हलकं करतो. याला 'गॅस लिफ्ट' म्हणतात. इथं दोष बऱ्याचदा विहिरीचा नसतोच. कॉम्प्रेसरमधून येणारा वायू मर्यादित असतो. तो सगळ्यांना सारखा वाटला तर एका विहिरीत गरजेपेक्षा जास्त जातो आणि दुसरी उपाशी राहते. कधी शेजारच्या जोरकस विहिरीमुळे सामायिक नळातला दाब इतका वाढतो की अशक्त विहिरीचं तेल आतच अडतं. तिला आजारी ठरवून दुरुस्तीची 'वर्कओव्हर' रिग बोलावणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. जमिनीवर, उत्तर गुजरातेत मेहसाण्याच्या शेतांमध्ये डोकं खालीवर करणारे लोखंडी पंप तुम्ही पाहिले असतील. त्यांची चाचणी मला फार सुंदर वाटते. पंपाच्या दांड्यावर किती भार येतो याचा प्रत्येक फेऱ्याला एक बंद आलेख निघतो. जाणकार ऑपरेटर त्याचा आकार पाहून सांगतो की खालचा व्हॉल्व्ह गळतोय, पंपात वायू अडकलाय की विहिरीत तेलच पुरेसं जमत नाही. आणि वलयात आवाजाचा एक ठोका सोडून प्रतिध्वनी किती वेळानं येतो यावरून तेलाची पातळी काढतात. दोन्ही चाचण्यांना विहीर बंद ठेवावी लागत नाही. तरीही त्या नियमानं होतातच असं नाही.

तिसरं उदाहरण दिल्लीचंच. लोधी रोडच्या इंडिया हॅबिटॅट सेंटरमध्ये टेरी या ज्या संशोधन संस्थेचं कार्यालय आहे, तिच्या शास्त्रज्ञांनी अहमदाबादच्या ओएनजीसी संस्थेबरोबर तेलविहिरींसाठी जिवाणू तयार केले. काही जिवाणू ट्यूबिंगमध्ये साचणारं मेण फोडतात. काही खडकात वायू आणि आम्लासारखे पदार्थ सोडून अडकलेलं तेल मोकळं करतात, आणि त्यांतले काही ९० अंश सेल्सिअसच्या आसपासच्या उष्णतेतही जगतात. या कामासाठी २००७ मध्ये ओएनजीसी आणि टेरी यांची संयुक्त कंपनी निघाली. जिवाणू आणि त्यांचं खाद्य विहिरीत सोडायचं आणि मग? मग विहीर बंद ठेवून वाट पाहायची. जिवाणूंना सामंजस्य करार कळत नाही.

वायूच्या विहिरींचं दुखणं निराळं. वायूबरोबर थोडं पाणी आणि हलकं तेल येतं. प्रवाह वेगात असेल तर ते थेंबांच्या रूपानं वर निघून जातं. वेग एका मर्यादेखाली गेला की थेंब खाली बसतात, पाण्याचा स्तंभ वाढतो आणि विहीर आपल्याच पाण्यात बुडते. फेस करणारं रसायन सोडणं, जाड ट्यूबिंगच्या आत बारीक नळी घालून वेग वाढवणं, वर बूस्टर कॉम्प्रेसर बसवणं, असे उपाय आहेत. ऑक्टोबर २०२४ च्या वायूकपातीच्या बातमीमागे अशाही विहिरी होत्या.

धोरणाच्या बाजूनं दिल्लीनं काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. तेलक्षेत्रांचा मूळ कायदा १९४८ चा. तेव्हा बांधकाम, खाणी आणि वीज हे खातं आपल्या काकासाहेब गाडगीळांकडे होतं. २०२५ मध्ये संसदेनं तो कायदा दुरुस्त केला. १९९३ मध्ये हायड्रोकार्बन महासंचालनालय स्थापन झालं, म्हणजे तेल काढणाऱ्याहून वेगळा, साठ्याची काळजी पाहणारा कुणीतरी असावा हे आपण मान्य केलं, पण मुंबई हायचा फटका बसल्यावर. २०१८ मध्ये जुन्या क्षेत्रांतून जादा तेल काढण्यासाठी सवलती आल्या: वाढीव तेलावर उपकरात ५० टक्के आणि वाढीव वायूवर स्वामित्वधनात ७५ टक्के सूट. एप्रिल २०२३ मध्ये वायूच्या भावाबद्दलच्या किरीट पारीख समितीच्या अहवालानंतर ठरलं की नव्या विहिरींच्या किंवा जुन्या विहिरींवर उपचार करून मिळवलेल्या वायूला २० टक्के जास्त भाव मिळेल. हा निर्णय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात जुन्या विहिरीला प्रथमच नव्या विहिरीच्या पंगतीला बसवलं आहे. अडचण एकच. 'वाढीव' म्हणजे कशाच्या वर वाढीव? उपचार झाला नसता तर विहिरीनं किती दिलं असतं, ती रेषा कोण आखणार? ज्याला सवलत हवी आहे त्याला ती रेषा खाली आखण्याचा मोह होणारच. त्याला अडवू शकते ती फक्त आधी केलेली, तारीखवार, खुली चाचणी.

आणि आता हा प्रश्न मुंबई हायच्याच दारात येऊन उभा आहे. जून २०२४ मध्ये ओएनजीसीनं मुंबई हायसाठी तांत्रिक सेवा पुरवणारा भागीदार शोधायला जागतिक निविदा काढली. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश कंपनी बीपीची निवड झाली आणि फेब्रुवारीत, द्वारकेच्या यशोभूमीत इंडिया एनर्जी वीक भरला होता त्या दिवसांत, करार झाला. मुदत दहा वर्षांची. पहिली दोन वर्षं बीपीला ठरावीक शुल्क आणि त्यानंतर वाढीव उत्पादनाच्या उत्पन्नातला वाटा. आधाररेषेच्या वर ६० टक्क्यांपर्यंत वाढ शक्य असल्याचं सांगितलं गेलं आहे. परकी कंपनी कशाला, असा एक सूर उमटला. मला त्यात रस नाही. बाहेरची नजर कधी कधी कामाची असते, आणि पन्नास वर्षांच्या विहिरींची सवय झालेल्या डोळ्यांना काही गोष्टी दिसेनाशा होतात. माझं लक्ष आहे ते आधाररेषेवर. साठ टक्के ही मोठी संख्या आहे, पण ती कुठल्या रेषेच्या वर मोजली जाते यावर तिचा सगळा अर्थ अवलंबून आहे.

नॉर्वेचं एक उदाहरण देतो. तिथल्या समुद्रातलं व्होल्वे नावाचं क्षेत्र २००८ ते २०१६ चाललं आणि मग बंद झालं. २०१८ मध्ये ते चालवणाऱ्या इक्विनॉर कंपनीनं त्याची जवळजवळ सगळी माहिती, विहीरवार रोजच्या उत्पादनासह, जगासाठी खुली केली. आज जगभरातले विद्यार्थी, आपल्याकडचेही, व्होल्वेच्या विहिरींवर अभ्यास करतात. पुण्याच्या एमआयटीत पेट्रोलियम शिकणाऱ्या मुलाला नॉर्वेच्या विहिरीचा दाब माहीत असतो. समोरच्या समुद्रातल्या मुंबई हायचा नसतो. नोएडात तेल-वायूच्या माहितीचं राष्ट्रीय भांडार २०१७ पासून आहे. तिथं इतकं साठवलेलं असताना एखाद्या बंद पडलेल्या क्षेत्रातल्या विहिरींच्या नुसत्या चाचण्यांच्या नोंदी तरी महाविद्यालयांना का देऊ नयेत? सुरक्षेचं कारण सांगितलं जाईल. रिकाम्या विहिरीच्या वीस वर्षांपूर्वीच्या दाबातून शत्रूला काय मिळणार, हे मला अजून उमगलेलं नाही.

माझं म्हणणं यापेक्षा मोठं नाही. उत्पादनाच्या वार्षिक लक्ष्यातून चाचणीसाठी बंद ठेवलेले दिवस वजा करा. दर विहिरीची वर्षातली ठरलेली चाचणी हे स्वतंत्र लक्ष्य ठेवा आणि ते चुकलं तर तेल कमी निघाल्याइतकाच जाब विचारा. प्लॅटफॉर्मची दुरुस्ती म्हणून जे शटडाऊन दर वर्षी घ्यावंच लागतं, त्यात तळाशी दाबमापक ठेवला तर डझनावारी विहिरींची बिल्डअप चाचणी फुकटात होते. याला नवा कायदा लागत नाही, परकी कंपनीही लागत नाही. लागतो तो वसंत कुंजातल्या एका वरिष्ठाचा एका ओळीचा आदेश.

या सभागृहात मंत्रालयात काम करणारी काही मंडळी बसली आहेत, काही ओएनजीसीची आहेत आणि काही पत्रकार. बीपीच्या कराराची पहिली दोन वर्षं २०२७ च्या सुरुवातीला संपतात. त्यानंतर मुंबई हाय इतके टक्के वाढलं, अशा बातम्या येऊ लागतील. त्या छापण्याआधी, फाईलवर सही करण्याआधी, टाळ्या वाजवण्याआधी एवढंच मागा: आधाररेषा दाखवा आणि ती ज्या विहीर-चाचण्यांवरून आखली, त्यांच्या तारखा दाखवा.